मागून येणारा आवाज

मोटारीच्या मागच्या बाजूने येणारा आवाज सर्वांत आधी ऐकू येतो तो मागच्या आसनावर बसलेल्या माणसाला. बहुतेक घरांत ही जागा आईची असते, आजीची असते किंवा खिडकीला नाक लावून बसलेल्या एखाद्या नातवंडाची असते. "अरे, मागं काहीतरी वाजतंय," एवढेच ते माणूस सांगते. पुढून उत्तर येते, "काही नाही आई, रस्ताच खराब आहे." पुढे चांगला रस्ता लागतो, आवाज तसाच राहतो आणि कुणीतरी गाण्याचा आवाज थोडा वाढवते. विषय तेथे मिटतो.

घर आणि दुकान यांच्या नित्य वापरातील वस्तूंची निगा हा या सदराचा विषय आहे. सणासुदीचे आणि लग्नसराईचे लांबचे प्रवास जवळ आले की वाचकांकडून हमखास विचारला जाणारा एक प्रश्न या वेळी घेत आहोत : गाडीच्या मागून आवाज येतो, पण कोठून येतो ते कळत नाही; काय करावे? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या एका टोकाला सीटच्या फटीत पडलेली गोटी आहे, तर दुसऱ्या टोकाला भर वेगात सुटू पाहणारे चाक आहे. दोन्हींची सुरुवात 'टक् टक्' अशीच असू शकते. म्हणून या आवाजाकडे दुर्लक्ष करणे जितके चुकीचे, तितकेच घाबरून अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलत सुटणेही चुकीचे. पहिल्यात जिवाला धोका असतो. दुसऱ्यात पैसा जातो आणि आवाज राहतो.

सापडत का नाही?

आवाजाची दिशा आपल्याला दोन कानांमुळे कळते. एका कानाला आवाज दुसऱ्या कानापेक्षा किंचित आधी पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, तरी मेंदू तेवढ्यावरून दिशा ठरवतो. उघड्या अंगणात हे उत्तम जमते. बंद मोटारीत मात्र तोच आवाज काचांवर, छतावर आणि प्लास्टिकच्या आवरणांवर आपटून अनेक वाटांनी कानाशी येतो, आणि दिशा हरवते.

दुसरी अडचण पत्र्याची. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पोलादात तो पाच हजार मीटरहून अधिक वेगाने धावतो. उजव्या चाकाजवळ झालेला ठोका सांगाड्यातून क्षणात डाव्या खांबापर्यंत जातो आणि तेथला सैल पत्रा थरथरू लागतो. आपण त्या पत्र्यालाच दोष देतो. त्यातही लहान गाड्यांत आसनांची जागा आणि डिकी यांच्यामध्ये भक्कम पडदा नसतो. मागचा सारा भाग पोकळ, आत वस्तू भरलेल्या, वर मोठे झाकण. थोडक्यात, तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी ती जागा लहान ध्वनी मोठा करून ऐकवते. म्हणून नुसत्या कानावर विसंबून हा शोध लागत नाही. येथे क्रम लागतो.

हा क्रम व्यापारी घराला नवा नाही. वर्षअखेरीस तेरीज जुळत नाही तेव्हा जाणता मुनीम साऱ्या वह्या पहिल्या पानापासून उलगडत बसत नाही. तो आधी फरकाची रक्कम पाहतो. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी असा त्याला संशय येतो. ५४० ऐवजी ४५० लिहिले गेले की फरक बरोबर ९० चा पडतो. फरक सम असेल, तर त्याच्या निम्मी रक्कम जमेऐवजी नावे पडली आहे का, हे तो पाहतो. फरकाचे रूपच त्याला योग्य पानाकडे नेते. गाडीच्या आवाजाचेही असेच आहे. तो केव्हा येतो, कशाने वाढतो आणि कशाने थांबतो, यावरून त्याचे उगमस्थान उलगडत जाते.

आधी थांबण्याचे आवाज

शोधाला लागण्यापूर्वी एक भेद करणे अत्यावश्यक आहे. काही आवाज सवडीने शोधावेत. काहींसाठी गाडी तेथल्या तेथे सुरक्षित जागी उभी करावी.

चाक नुकतेच काढून बसवले असेल आणि त्यानंतर वेगाबरोबर वाढणारा धप धप असा ठोका किंवा डुलणे जाणवू लागले, तर प्रथम नट तपासावेत. पंक्चर काढून घेतल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरच्या प्रवासानंतर चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून पाहणे ही चांगली सवय आहे. आवळताना एका नटाशेजारचा दुसरा असे न करता समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत, म्हणजे चाक सरळ बसते.

ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, तर लायनर संपले असण्याची शक्यता असते. एखादे चाक इतर चाकांपेक्षा फार तापलेले लागत असेल आणि जळका वास येत असेल, तर ब्रेक अडकलेला असू शकतो. अशा चाकाला हात न लावता केवळ जवळ नेऊनच उष्णता जाणवते. पेट्रोलचा वा गॅसचा वास येत असेल, तर आवाजाचा विचार बाजूला ठेवून आधी सर्वांना खाली उतरवावे. या चारही प्रसंगी "घरी पोहोचून बघू" हा विचार मनात आणू नये.

एक वही, सहा प्रश्न

यांपैकी काही नसेल, तर घाई करण्याचे कारण नाही. चार-पाच दिवस गाडीत एक छोटी वही ठेवावी आणि आवाज आला की मागे बसलेल्या व्यक्तीने त्याची नोंद करावी. चालकाने लिहू नये. त्याचे लक्ष रस्त्यावरच असावे. प्रश्न सहाच आहेत. आवाज खड्ड्यावर किंवा गतिरोधकावर येतो, की गुळगुळीत रस्त्यावरही? वेगाबरोबर तो बदलतो का? ब्रेक दाबल्यावर वाढतो की थांबतो? वळणावर त्यात फरक पडतो का? गाडी भरलेली असताना आणि रिकामी असताना तो सारखाच असतो का? आणि सकाळी थंड गाडीत येतो, की तासभर चालल्यावर?

या नोंदी करताना आवाजाचे वर्णन घरच्या शब्दांत करावे. खडखड, टकटक, खरखर, घूंऽऽ, करकर, डबडब : आपल्या भाषेत या ध्वनींसाठी इतके नेमके शब्द आहेत की मिस्त्रीला त्यांचा फार उपयोग होतो. मुलांनाही विचारावे. वय वाढते तसे उंच पट्टीचे बारीक आवाज कानांना कमी ऐकू येऊ लागतात. आजोबांना न ऐकू येणारी बारीक 'चीं चीं' नातवाला स्पष्ट ऐकू येते. त्याला ती भासते असे समजू नये.

डिकी रिकामी करा

पहिली कृती बिनखर्चाची आहे. डिकीतील सर्व वस्तू बाहेर काढाव्यात. सर्व म्हणजे खरोखरच सर्व : पाण्याच्या बाटल्या, छत्री, नमुन्यांची पेटी, दुकानाच्या पावत्यांचा गठ्ठा, त्याबरोबरच जॅक, टॉमी, पाना आणि स्टेपनीसुद्धा. मग ज्या रस्त्यावर आवाज येतो त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने एक फेरी मारावी. स्टेपनी काढली असल्याने ही फेरी घराजवळच असावी. आवाज गेला असेल, तर एकेक वस्तू परत ठेवत जावे. जिच्याबरोबर आवाज परत येतो ती दोषी.

येथे बहुधा जॅक किंवा टॉमी सापडते. एकदा पंक्चर झाले, घाईत जॅक वापरला आणि त्याच्या खोबणीत नीट न अडकवता तसाच टाकला, की तो प्रत्येक खड्ड्यावर पत्र्याशी बोलू लागतो. स्टेपनीच्या मधला स्क्रू अर्धवट आवळलेला असला तरी तसेच होते. 'स्टेपनी' या शब्दाचा प्रवासही मोठा आहे. वेल्समधील लानेथ्ली गावात १९०४ साली दोन डेव्हिस बंधूंनी जादा चाकाची कल्पना प्रत्यक्षात आणली. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते. रस्त्याचे नाव चाकाला मिळाले आणि ते आपल्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी रुळले.

डिकी निर्दोष ठरली, तर नजर आसनांकडे वळवावी. मागच्या काचेखालची सुटी फळी, रिकाम्या आसनाच्या पट्ट्याचे प्लास्टिकवर आपटणारे धातूचे टोक, मागची क्रमांकपट्टी आणि डिकीच्या झाकणाचे कुलूप ही नेहमीची ठिकाणे. झाकणाला दोन्ही बाजूंनी आधार देणारे रबराचे गुट्टे असतात. ते झिजले वा पडले, की झाकण घट्ट बंद असूनही थरथरते. कुलपाच्या कडीभोवती कापडी चिकटपट्टीचा एक वेढा देऊन फेरी मारली, की संशय खरा की खोटा ते लगेच कळते.

एक चमत्कारिक प्रकार मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. समजा, चालक एकटा असताना त्याला मागून खडखड ऐकू येते. तो घरी सांगतो. दुसऱ्या दिवशी ऐकण्यासाठी भाऊ मागे बसतो आणि आवाज नाहीसा होतो. भाऊ उतरतो, आवाज परत येतो. गॅरेजमध्येही तेच : मिस्त्री मागे बसतो, गाडी मुकी होते. असे झाले की कुणी चालकालाच भास होतो म्हणते. वस्तुतः हा आवाज स्वतःचा पत्ताच सांगत असतो. आसनावर भार पडला की जो थांबतो, तो आसनाचाच : दुमडणाऱ्या पाठीची कडी सैल झालेली असते आणि माणूस टेकून बसला की ती दाबली जाते. अशा वेळी ऐकणाऱ्या माणसाऐवजी मोबाइल उपयोगी पडतो. ध्वनिमुद्रण चालू करून तो एकदा उजव्या बाजूला, एकदा डाव्या बाजूला, एकदा डिकीत नीट अडकवून ठेवावा आणि एकाच रस्त्यावरच्या तीन फेऱ्या घरी शांतपणे ऐकाव्यात. कोणत्या मुद्रणात आवाज मोठा आहे ते सहज समजते. आवाज ऐकण्यासाठी चालत्या गाडीच्या डिकीत माणूस, विशेषतः मूल, कधीही बसवू नये.

चाकाबरोबर फिरणारे आवाज

आवाज सपाट रस्त्यावरही येत असेल आणि वेगाबरोबर त्याची लय वाढत असेल, तर तो बहुधा चाकाशी बांधलेला असतो. हे मोजून पाहता येते. लहान मोटारीच्या चाकाचा घेर साधारण १.८५ मीटर असतो. ताशी २० किलोमीटर वेगाला असे चाक सेकंदाला सुमारे ३ फेरे घेते आणि ६० च्या वेगाला सुमारे ९. वीसच्या वेगाला सेकंदाला तीन टकटक मोजता आल्या, तर चाकाच्या एका फेऱ्याला एक ठोका पडतो आहे, हे निश्चित झाले. मग टायरच्या खाचेत रुतलेला खडा किंवा खिळा शोधावा. खिळा दिसला तर तो घरी उपटू नये, हवा जाईल. तसेच पंक्चरवाल्याकडे न्यावे.

आवाज चाकाचा की इंजिनाचा, हे ठरवायचे असेल तर गाडी उभी ठेवून इंजिनाचा वेग वाढवून पाहावा. उभ्या गाडीतही आवाज येत असेल, तर चाके निर्दोष सुटली. उलट मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये टाकल्यावरही आवाज तसाच राहिला, तर इंजिन सुटले. या चाचणीत इंजिन बंद करण्याचा मोह मात्र टाळावा. चालत्या गाडीची किल्ली फिरवल्यास स्टिअरिंग जड होते, ब्रेकला मिळणारी मदत संपत जाते आणि काही गाड्यांत स्टिअरिंगला कुलूपही लागते.

सर्वांत फसवा तो 'घूंऽऽ' असा, दूरवरच्या विमानासारखा आवाज. तो टायरचा तरी असतो किंवा बेअरिंगचा तरी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मागच्या टायरवर भार कमी असतो. त्यामुळे त्यांच्या ठोकळ्यांची एक कड अधिक झिजून करवतीच्या दात्यांसारखी होते. उभ्या गाडीच्या टायरवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरखरीत लागले, तर आवाजाचे कारण हाताला सापडले. टायर फार जुने असतील तर रबरही कठीण होऊन अधिक वाजते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या अंकांपैकी शेवटचे चार त्याची जन्मतारीख सांगतात : २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. खात्री करायची असल्यास त्याच बाजूचे पुढचे आणि मागचे चाक आपसांत बदलून घ्यावे. आवाज पुढे गेला तर टायर; मागेच राहिला तर बेअरिंग.

बेअरिंगची आणखी एक खूण वळणावर मिळते. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो. महामार्गाच्या उजव्या वळणावर घरघर वाढत असेल आणि डाव्या वळणावर कमी होत असेल, तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यावा. मिस्त्री चाक उचलून ते वर-खाली हलवून पाहतो आणि स्प्रिंगवर हात ठेवून फिरवतो. बिघडलेल्या बेअरिंगची खरखर बोटांना जाणवते. हे काम गॅरेजमध्येच व्हावे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, क्षणभरासाठीही नाही.

पावसाळ्यातील एक आवाज मात्र निरुपद्रवी असतो. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रेक ड्रमवर गंजाचा पातळ थर धरतो; सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात, मग आवाज जातो. तो गेला तर चिंता नको. दिवसभर टिकला तर लायनर पाहून घ्यावेत. ब्रेक दाबून थांबल्यावर मागून 'डुबुक्' असे ऐकू आले आणि टाकी भरल्यावर ते नाहीसे झाले, तर ते इंधनाचे हेलकावणे आहे. त्याला इलाज नाही, गरजही नाही.

खड्ड्यावरचे ठोके आणि सायलेन्सर

डिकी रिकामी असूनही खड्ड्यावर ठोका येत असेल, तर शॉक ॲब्सॉर्बर, त्याचे वरचे रबर आणि मागच्या ॲक्सलचे बुश यांच्याकडे वळावे. गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडावा. एकदा वर येऊन तो स्थिरावला तर ठीक. झुलत राहिला, किंवा शॉक ॲब्सॉर्बरच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला, तर त्याचे आयुष्य संपत आले. हे भाग एकाच ॲक्सलवरील जोडीने बदलावेत. एक नवा आणि एक जुना असला की दोन्ही बाजूंची चाल सारखी राहत नाही. ठोका खड्ड्यापेक्षा ब्रेक दाबताना किंवा मागे घेताना अधिक येत असेल, तर ॲक्सलच्या बुशवर संशय घ्यावा.

सायलेन्सर रबराच्या कड्यांवर टांगलेला असतो. एक कडी तुटली की तो झोके घेतो आणि तळाच्या पत्र्याला भिडतो. त्याच्या उष्णतेपासून गाडीचे रक्षण करणारा पातळ पत्राही सैल होऊन ठरावीक वेगाला झणझणतो. गाडी पूर्ण थंड असताना सायलेन्सर हाताने हलवून पाहिला, की बरेच उमगते. परंतु आवाज फुत्कारासारखा असेल, तर नळीला भोक पडलेले असू शकते आणि तेथे विलंब नको. त्यातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. तो आत साठला तर सर्वांत आधी मागे झोपलेली मुले गुंगतात आणि आपल्याला वाटते, प्रवासाने दमली. याच कारणासाठी मोठे सामान भरून डिकीचे झाकण अर्धे उघडे ठेवून गाडी चालवू नये. मागचा धूर आत ओढला जातो.

सीएनजीच्या गाड्यांविषयी वेगळी सूचना आवश्यक आहे. डिकीतील त्या पोलादी टाकीत २०० बार इतक्या दाबाचा वायू असतो. तिला धरून ठेवणारे पट्टे आणि त्यांखालचे रबर सैल झाले की खड्ड्यावर जड ठोका येतो. असा संशय येताच गाडी मान्यताप्राप्त सीएनजी केंद्रात न्यावी. पट्टे घरी आवळू नयेत, नेहमीच्या गॅरेजमध्येही नाही. टाकीची दाबचाचणी दर ३ वर्षांनी करून घ्यावी लागते. त्या निमित्ताने तिचे प्रमाणपत्र आणि तारीख पाहून ठेवावी.

मिस्त्रीला काय सांगावे

एवढे करून आवाज राहिला, तर गॅरेजला जावे. पण रिकाम्या हाताने नव्हे, वही घेऊन. "मागून आवाज येतो, बघा," असे सांगून गाडी सोडून आलो, की मिस्त्रीपुढे अंदाजाखेरीज पर्याय राहत नाही. त्याऐवजी "चाळीसच्या पुढे, सपाट रस्त्यावर, उजव्या वळणाला वाढतो, डिकी रिकामी करून पाहिली आहे," असे सांगावे आणि त्याला शेजारी बसवून एक फेरी मारावी. त्या दहा मिनिटांत पुढचे अनेक हेलपाटे वाचतात. एका वेळी एकच भाग बदलावा आणि मग फेरी मारून पाहावी. तीन भाग एकदम बदलले आणि आवाज गेला, तर तिघांपैकी खरा दोषी कोण होता हे कधीच कळत नाही; दोघांचे पैसे मात्र व्यर्थ जातात. बदललेला जुना भाग पाहायला मागावा. यात अविश्वास नाही. पावती तपासून घेणे हा जसा व्यवहार, तसाच हाही.

"या खेपेनंतर बघू"

शेवटी एक गोष्ट मालवाहू गाड्यांविषयी. आपल्यापैकी अनेकांच्या दारात कुटुंबाच्या मोटारीबरोबर दुकानाचा टेम्पो किंवा पिकअपही उभा असतो. त्याच्या मागच्या आवाजांची जात निराळी. फाळक्याची साखळी वाजते, तिची चिंता नको. पण कमानपाट्यांकडे दर महिन्याला पाहावे. पाटे एकत्र बांधून ॲक्सलवर दाबून धरणारे यू बोल्ट सैल झाले, की सारा ताण मधल्या बोल्टवर येतो. तो तुटला तर ॲक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. मुख्य पाटा तुटण्यापूर्वी करकर करतो, पाट्यावर बारीक भेग दिसते, गाडी एका बाजूला झुकते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअर टाकताना 'खट्' असा झटका बसला, तर शाफ्टचा क्रॉस पाहावा. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीसारखा आवाज आणि सोडला की निराळा, असे असेल तर डिफरन्शियलमधील तेल आणि दाते तपासावेत.

या खुणा मालकाला दिसत नाहीत, कारण मालक ती गाडी चालवत नाही. चालवतो तो ड्रायव्हर. तो दारात येऊन म्हणतो, "शेठ, मागनं आवाज येतोय." गाडीत माल भरलेला असतो, समोरच्या गिऱ्हाइकाला वेळ दिलेली असते, आणि सहजपणे उत्तर दिले जाते, "एवढी खेप टाकून ये, मग बघू." खेप होते, दुसरी लागते. ड्रायव्हर दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा सांगत नाही. आवाज बंद झाला म्हणून तो गप्प बसलेला नसतो; सांगून उपयोग नाही हे त्याला कळलेले असते. त्यानंतर घाटाच्या उतारावर, भरल्या गाडीत, तो आवाज ऐकणारा तो एकटाच असतो.

म्हणून दुकानाच्या गाडीतही एक वही ठेवावी. ड्रायव्हरने सांगितलेले तारखेसह तिच्यात लिहावे, त्यापुढे काय तपासले ते लिहावे आणि खाली मालकाने सही करावी. थांबण्याच्या आवाजांपैकी एखादा त्यात असेल, तर भरलेली गाडीही थांबवावी आणि माल दुसऱ्या गाडीने पाठवावा. त्या दिवशी भाड्याचे पैसे अंगावर पडतील. गिऱ्हाइकाला फोन करून उशिराचे कारण सांगावे लागेल. व्यापारात असा दिवस प्रत्येकाला कधी ना कधी येतो, आणि चांगले गिऱ्हाईक तो समजून घेते.